थोरले साडू आणि चाकातली हवा

वैशाखातला शनिवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. स्थळ: स्वारगेटमागच्या आमच्या सोसायटीचं फाटक. हजर: सासूबाई, माझी पत्नी, आमची मुलगी, मी, आणि विश्रांतवाडीहून स्वतःच्या गाडीने आलेले माझे थोरले साडू व त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. काम: मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला साताऱ्याला वेळेवर पोहोचणे, रुखवतासह.

माझ्या थोरल्या साडूंइतका चाकातल्या हवेचा विचार केलेला माणूस पुण्यात झाला नाही आणि यापुढे होणार नाही. हे मी कौतुकाने लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तिथे ते हवा मोजायचा काटा ठेवतात. बँकेत सही करायची वेळ आली की तोच पुढे करतात, मग हसून दुसऱ्याचं पेन मागतात, आणि समोरचा माणूस आनंदाने देतो. माझ्या खिशात कायम दोन पेनं असतात. माझ्याकडे कुणी कौतुकाने पाहिल्याचं आठवत नाही.

त्यांची हवा मोजायची वेळ पहाटेची. गाडी चार किलोमीटर धावली की टायर तापतो आणि मग आकडा खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे सव्वीस पौंड, मागे अठ्ठावीस. माणसं आणि सामान भरून जायचं असेल तर मागे आणखी चार. कमी असेल तर टायर बाजूने वळतो, तापतो आणि फुटतो. जास्त असेल तर रस्ता नीट धरत नाही. पेट्रोल पंपावरचा हवावाला त्यांना लांबून ओळखायचा. एकदा तो म्हणाला, "साहेब, आमचा काटा बरोबर आहे." साडू म्हणाले, "असेल. माझाही बरोबर आहे. दोघांत दोन पौंडांचा फरक आहे, एवढंच." आठवड्याभरात पंपावर नवा काटा बसला. मी आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर नवं झाकण बसवा म्हणून दोन वर्षं लेखी अर्ज दिले होते. झाकण अजून पत्र्याचंच आहे, आणि त्यावर वीट आहे.

स्टेपनीचीही हवा ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासत. "स्टेपनी म्हणजे घरातला निवृत्त माणूस. रोज काम नसतं, पण हाक मारली तर दम पाहिजे," असं म्हणत आणि स्वतः निवृत्त असल्यामुळे हसत. रस्त्यातले अनोळखी लोकही त्यांच्या तावडीतून सुटले नाहीत. बुधवार पेठेत एक गृहस्थ स्कूटरवर पुढे पुस्तकांचे गठ्ठे, मागे बायको आणि तिच्या मांडीवर टेबल फॅन घेऊन निघाले होते. साडूंनी हात आडवा केला.

"अहो, मागचं चाक बसलंय."

"चाक माझं आहे," गृहस्थ म्हणाले.

"हो, पण वहिनी त्यावर बसल्यात."

वहिनी तत्काळ उतरल्या. पंक्चरवाल्याकडे हवा भरून होईपर्यंत त्या गृहस्थांनी साडूंना चहा पाजला होता आणि पंखा रिक्षाने रवाना झाला होता. मी शेजारीच उभा होतो. मला चहा विचारला, पण साडूंचा घेऊन झाल्यावर.

तर त्या शनिवारकडे येतो. घरातल्या प्रत्येक कार्याचं सामान मी लावतो. बावीस वर्षांत माझ्या यादीतून कधी काही राहिलेलं नाही. हे एकच खातं सासरच्यांनी माझ्याकडे दिलेलं होतं आणि मला ते टिकवायचं होतं. त्या दिवशी यादीत एकेचाळीस नग होते, सगळे गाडीत चढवून खुणा केलेले. त्यात सासूबाईंनी नातीसाठी हट्टाने घेतलेला दगडी पाटा-वरवंटा होता, पितळी घंगाळ होतं, आणि टपावरच्या कॅरिअरवर तांदळाची दोन पोती होती. साडूंनी आपली गाडी मागे लावली आणि उतरून माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली.

"धाकटे, तुमची गाडी आकाशाकडे का बघतेय?"

मी यादी पुढे केली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. एवढ्या मनापासून माझी यादी आजवर कुणी वाचली नव्हती, आणि क्षणभर मला बरं वाटलं.

"यादी उत्तम आहे," ते म्हणाले. "पाटा-वरवंटा एक नग. हातरुमालांचा पुडा एक नग. गाडीला वाचता येत नाही हो, तिला फक्त वजन कळतं. वजनाचा रकाना कुठे आहे?"

बावीस वर्षं. इतक्या बारशांच्या, मुंजींच्या, लग्नांच्या याद्या. मी वजनाचा रकाना कधीच आखला नव्हता.

मग फाटकातच सगळं सामान उतरलं. त्यांनी आपल्या डिकीतून ताणकाटा काढला आणि गाठोडी एकेक करून त्याला लटकवली. टपावरची पोती खाली आली: "वर ठेवलेलं वजन वळणावर गाडीला ओढतं." पाटा त्यांच्या गाडीत पुढच्या सीटमागे तळाशी गेला. नंतर माणसांची पाळी. "आई, आपलं वजन किती?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. आदल्या महिन्यात डॉक्टरांच्या फॉर्मसाठी मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा "बायकांना असं विचारतात का?" असं ऐकून घेतलं होतं. आता त्या शाळेतल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "बावन्न. चपला काढून." आणि त्यांच्या गाडीत जाऊन बसल्या. मुलगीही तिकडेच गेली. माझ्या गाडीत मी, पत्नी आणि घंगाळ उरलो.

"भावोजींनी बघितलं म्हणून बरं झालं," पत्नी कात्रजपर्यंत दोनदा म्हणाली.

वाटेत काहीही झालं नाही. टायर फुटला नाही, घाटात गाडी हेलकावली नाही, आणि हेच मला आजतागायत सहन होत नाही. मी केलेल्या गोष्टी सगळ्यांना दिसत होत्या: पाण्याच्या बाटल्या, दशम्या, उलटीसाठी आवळासुपारी. त्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. साडूंनी केलेलं दिसतच नव्हतं, कारण जे व्हायचं ते झालंच नव्हतं, आणि मांडवात चार दिवस त्याचंच कौतुक चाललं होतं.

पुढे मुलगी गाडी शिकली तीही त्यांच्याकडेच. पहिले आठ दिवस त्यांनी तिला स्टीअरिंगला हात लावू दिला नाही. नुसती हवा मोजायची, स्टेपनी काढायची, बसवायची. मी म्हटलं, मीही शिकवलं असतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही शिकवता तेव्हा मी चुकते. काका शिकवतात तेव्हा गाडी चुकते." मी त्या दिवशी पुढच्या तीन महिन्यांच्या याद्या करून टाकल्या.

आता साडूंचे दोन्ही गुडघे गेले आहेत. विश्रांतवाडीच्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. गेले पाच महिने ते खाली उतरलेले नाहीत. मी दर रविवारी औषधं घेऊन जातो. गाडी खाली कव्हर घालून उभी असते. मागच्या महिन्यात सहज कव्हराचं टोक उचललं, तर मागचं डावं चाक पार बसलेलं, टायर रिमखाली चुरगळलेला, बाकीची तीनही मऊ. मी कबूल करतो, पहिला जिना मी आनंदात चढलो. दुसऱ्या जिन्यावर वाक्य जुळवलं. तिसऱ्यावर ते दोनदा म्हणून पाहिलं.

ते खुर्चीत बसले होते, पायांवर शाल. खिशात काटा होता.

"धाकटे, खाली गाडी बघितलीत का?"

"बघितली."

"हवा?"

वाक्य तयार होतं. मी दुसरंच म्हणालो, "चारही चाकांत बरोबर आहे. मोजली."

न मोजलेल्या गोष्टीपुढे मी आयुष्यात कधी खूण केलेली नाही. ते डोळे मिटून मागे टेकले आणि म्हणाले, "तुम्ही बघितलीत ना, मग मला काळजी नाही." हे वाक्य त्या घरात कुणीतरी मला म्हणावं म्हणून मी किती वर्षं घालवली, ते आकड्यात मांडता येईल, मांडलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी पायाचा पंप पिशवीत घालून नेला. पण आता ते माझ्या वेळेला खुर्ची खिडकीशी ओढून बसतात, मी फाटकातून आत आलो की वरून हात करतात, आणि ती खिडकी नेमकी गाडीच्या डोक्यावर आहे. तीन रविवार झाले. पंप पिशवीतच आहे. यादीत पहिलं काम तेच आहे, आणि त्यापुढची जागा कोरी आहे.