अर्धा आणि एक दशांश

फोन गौरीनं उचलला. शनिवारची सकाळ होती आणि मी गॅरेजमध्ये लॉनमोअरशी झटत होतो. "बाबा, फॉर यू! मेधाकाकू. शी साउंड्स फनी," असं दारातूनच ओरडून माझी लेक परत कार्टूनसमोर जाऊन बसली. हात पुसत पुसत मी रिसीव्हर घेतला. मेधा एवढंच म्हणाली, "अविनाश, शरद गेला. काल ऑफिसात… बसल्या जागी." पुढे ती बरंच काही सांगत होती, हार्ट अटॅक, अँब्युलन्स, भाऊ निघालाय… मी हं हं करत होतो आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी त्याला फोन करणार होतो. गेले पाच महिने करणार होतो. अवघा छत्तीस वर्षांचा माणूस, तो कुठे पळून जाणार होता?

या गोष्टीला आता सहा-सात आठवडे झाले. शरद आणि मी ऐंशी साली गणितात पीएचडी करायला नॉर्थ कॅरोलायनात आलो. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही पाच जण राहायचो, सगळे मराठी, सगळे कायम भुकेले. बाकीचे चौघे क्वालिफायर नावाच्या परीक्षेच्या धास्तीनं रात्रंदिवस घोकत असायचो. तिच्यात नापास झालं की पीएचडी संपलीच. शरदला मात्र लायब्ररीच्या तळघरात प्राचीन इजिप्तच्या गणितावरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं आणि स्वारी हरवली ती हरवलीच. एक म्हणजे उभी रेघ, दहा म्हणजे कमान, शंभर म्हणजे दोराची गुंडाळी, हजाराला कमळ, लाखाला बेडकाचं पिल्लू. "आणि दहा लाखांना काय, माहितेय? हात वर करून बसलेला माणूस! बरोबर आहे यार, एवढा आकडा बघून माणूस दुसरं काय करणार?" हे तो आल्यागेल्याला सांगायचा. अपूर्णांक लिहायचा झाला, तर त्या आकड्याच्या डोक्यावर एक मिटलेलं तोंड काढायचं. फ्रिजवर आमच्या चिठ्ठ्या लागत त्यात शरदची हमखास असायची: दुधाच्या बाटलीचं चित्र आणि शेजारी तीन रेघांवर एक तोंड. दूध एक तृतीयांश उरलंय, येताना आणा. आम्ही कपाळाला हात लावायचो, पण दूध आणायचो.

त्या लोकांची एक खोड शरदला फार आवडायची. ते तीन पंचमांश असं लिहीतच नसत. एक दोन अपवाद सोडले तर वर कायम एक हाच आकडा, आणि तोच अपूर्णांक दोनदा घ्यायचा नाही. म्हणजे तीन पंचमांश हे अर्धा अधिक एक दशांश असं लिहायचं. मला हा निव्वळ द्राविडी प्राणायाम वाटायचा. मग एका रविवारी तीन पिझ्झे आले आणि खाणारे पाच. मी गणिती डोक्यानं तिघांना तीन पंचमांशाचा एकेक मोठा तुकडा कापायला निघालो, उरलेल्या दोघांनी तुकडे जोडून तेवढंच घ्यावं. शरदनं माझ्या हातातून पिझ्झा कापायचं चाक काढून घेतलं. तिन्ही पिझ्झे मधोमध कापले, पाच अर्धे पाच जणांना दिले आणि उरलेल्या अर्ध्याचे पाच तुकडे करून एकेक वाढला. "बघ, अर्धा आणि एक दशांश. आता कुणी कुणाच्या पानात डोकवायची गरज नाही." तेव्हापासून घरात सगळं असंच वाटलं जाऊ लागलं आणि ते चाक शरदचं झालं.

ब्याऐंशीच्या वसंतात डिपार्टमेंटच्या विद्यार्थ्यांच्या सेमिनारमध्ये तो यावर बोलला. त्याचं म्हणणं साधं होतं. इजिप्तच्या लोकांनी अपूर्णांक असे तोडले ते त्यांना दुसरं काही जमत नव्हतं म्हणून नव्हे. त्यांच्या पपायरसवर दहा माणसांत पाव वाटायची गणितं आहेत. वाटणी नुसती समान असून भागत नाही, ती समान दिसावीही लागते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला तेच तुकडे. उदाहरण म्हणून त्यानं आमचा रविवारचा पिझ्झा फळ्यावर काढला. मी मागच्या रांगेतून विचारलं, "सो युअर होल एव्हिडन्स इज अ पिझ्झा?" हॉल खदखदून हसला. शरदही हसला, आणि फळ्यावरचं अपूर्णांकाचं ते तोंड त्यानं हाताच्या पंजानं पुसून टाकलं. पंधरा मिनिटं शिल्लक होती, पण तो खाली बसला. घरी चालत येताना म्हणाला, "अव्या, बरोबर आहे तुझं. पुरावा कमीच आहे."

त्याची काळजी वाटत होती, त्याला त्या नादातून ओढून काढायचं होतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खरं सांगायचं तर पहिल्या रांगेत मला गाईड म्हणून हवे असलेले प्रोफेसर बसले होते आणि मला त्यांना हसवायचं होतं. ते हसले. मी त्यांचा विद्यार्थी झालो, शिकवायला लागलो, इथेच जवळ कॅरी गावात घर घेतलं. शरद क्वालिफायर नापास झाला, मास्टर्सवर थांबला, प्रोग्रामिंग शिकला आणि मेधाशी लग्न करून पार पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला गेला. दिवाळीला फोन व्हायचे, मुलींचे फोटो यायचे. इजिप्तचं नाव मात्र त्यानं माझ्यापाशी पुन्हा काढलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात गौरीचा सहावा वाढदिवस झाला. जाता जाता पाच मुलं आणि तीन मोठ्या कुकीज उरल्या. मी, गणिताचा प्राध्यापक, त्या अचूक कापल्या: तिघांना एकेक मोठा तुकडा, दोघांना दोन-दोन छोटे. क्षणात रडारड सुरू झाली. "शी गॉट टू!" "हर्स इज बिगर!" मी नॅपकिनवर आकडेमोड करून दाखवत होतो आणि मुलं माझ्याकडे लबाड माणसाकडे बघावं तशी बघत होती. तिथेच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला कळलं की शरद बरोबर होता. आज फोन करतोच म्हटलं. मग पसारा आवरायचा होता, मग पेपर तपासायचे होते, मग म्हटलं रविवारी निवांत बोलू… किती रविवार गेले!

मी बॉथेलला गेलो तेव्हा मेधाचा भाऊ आणि वहिनी तिथेच होते. दुपारी वहिनींनी थालीपीठं लावली. पीठ संपलं, तीनच झाली आणि आम्ही पाच जण. शरदची सहा वर्षांची रेवा खुर्ची ओढून ओट्याशी चढली आणि तिनं ड्रॉवरमधून चाक काढलं. तेच, आमच्या अपार्टमेंटमधलं, मूठ वितळलेलं. तिन्ही थालीपीठं तिनं मधोमध कापली, उरलेल्या अर्ध्याचे जीभ बाहेर काढून पाच तुकडे केले. माझी बशी माझ्यापुढे ठेवताना ती थांबली.

"आर यू द अविनाशकाका हू सेड इट वॉज जस्ट पिझ्झा?"

"रेवा!" मेधा म्हणाली.

"हो, मीच तो," मी म्हटलं. "मी चुकलो होतो. तुझा बाबा बरोबर होता."

"आय नो," रेवा म्हणाली आणि जाऊन बसली.

दहा वर्षं राहिलेलं वाक्य शेवटी बोललो, पण ज्याला सांगायचं होतं तो ऐकायला नव्हता. याची खंत मला जन्मभर पुरेल. अर्धं थालीपीठ मी कसंबसं संपवलं. तो दशांशाचा तुकडा बशीत तसाच राहिला. सगळ्यांचं झालं तरी रेवा समोरून माझ्या बशीकडे बघत होती.

"काका, तोपण खायचा. अदरवाइज इट्स नॉट इक्वल."

मी तो खाल्ला.