घोडीवरचं बिऱ्हाड

नवऱ्याला सोलापूरच्या गिरणीत काम लागलं आणि माझा संसार एका खोलीत आला, तरी कितीतरी दिवस मी भांडी मांडलीच नाहीत. पोत्यांतच ठेवली. एका पोत्यात पितळी हंडा, दुसऱ्यात त्याच्या तोलाचं बाकी सगळं. शेजारची तेलुगू विणकराची बायको विचारायची, बाई, तुम्ही जाणार कधी? मी म्हणायचे, जाणार कुठं, इथंच आहोत. मग हे बांधून कशाला ठेवलंय, म्हणून ती हसायची. जित्याची खोड, दुसरं काय सांगणार तिला.

आम्ही सांगोल्याकडचे धनगर. दिवाळी झाली की आमचा वाडा मावळतीला निघायचा. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे; मेंढरं, घोडी, कुत्री आणि माणसं मिळून जो तळ पडतो त्याला आम्ही वाडा म्हणतो. सह्याद्रीचा घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत फिरायचं. पुरुष मेंढरं घेऊन रानारानाने जायचे. संसार बायकांच्या हवाली. प्रत्येकीची आपली एक घोडी आणि जिची घोडी तिनेच ती लादायची. दोन्ही अंगांना पोती, वर मेंढरं कोंडायची जाळी, तिच्यावर कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि मधोमध आपलं मूल. बाई मात्र पायी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं गाववाले चिडवायचे. चिडवोत बापडे. घाटमाथ्यावर तीन दगडांची चूल मांडून, धुकं अंगाखाली आणि ऊन अंगावर घेऊन त्यांनी कधी भाकरी खाल्ली नव्हती.

माझी घोडी रंगाने तांबडी आणि स्वभावाने लबाड. तंग, म्हणजे लादणीचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की ती पोट फुगवून उभी राहायची. नवख्या बाईला वाटायचं, बसला घट्ट. चार पावलांवर घोडी श्वास सोडायची आणि संसार पोटाखाली यायचा. मी तिच्या कुशीला कपाळ टेकून नुसती उभी राहायचे. तिला कंटाळा यायचा, श्वास सुटायचा, की मी तंग ओढायचे. घाट उतरताना मी तिचं शेपूट धरायचे. माझ्या नवऱ्याचा हात मी चारचौघांत कधी धरला नाही, पण घोडीच्या शेपटीवर माझा पुरा भरवसा होता.

सन तीसच्या आगेमागे एका पावसाळ्यात रोग पडला आणि आमची बहुतेक मेंढरं बसल्या जागी गेली. नवरा गिरणीत गेला. खोलीत घोडी कुठं बांधणार? धाकट्या दिराची नुकती लग्न होऊन आलेली बायको होती, तिला दिली. तंगाची युक्तीही शिकवली. शिकवताना मनात होतं, हिच्याने जमायचं नाही, घोडी हिला दाद द्यायची नाही. खरं सांगते, तसंच व्हावं असं मला वाटत होतं.

वर्ष कसंबसं काढलं. भोंग्याला उठायचं, भोंग्याला डबा करायचा. पुढच्या दिवाळीआधी मी नवऱ्याच्या मागे लागले, एकदा तरी मला वाड्याबरोबर घाट उतरू दे. तो आधी नाही म्हणाला, मग वैतागून म्हणाला, जा, पण होळीच्या आत परत ये. कुर्डुवाडीला गाडी बदलून मी सांगोल्याला उतरले आणि तिथून चालत तळावर गेले. सगळ्यांनी प्रेमाने केलं. दिराने माझ्यासाठी रानातल्या सावलीत घोंगडं अंथरलं. कोकरू कापलं. मी घोडीजवळ गेले तर तिने माझा हात हुंगला, आणि पुन्हा चरायला लागली.

सकाळी वाडा निघायचा होता. पालं उतरली, पोती भरली. मी पदर खोचून घोडीजवळ गेले आणि तंगाला हात घातला. धाकटीने तो हळूच काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या आक्का. तुमी पाव्हण्या."

मी म्हटलं, पाहुणी कसली, मी चालायला आलेय, घाटापलीकडं येणार आहे. दीर जवळ आला. त्याने विचारलं, वहिनी, तुमी कुठल्या घोडीमागं चालणार? आमच्यात घोडी नाही त्या बाईला रांग नाही, हे मला का ठाऊक नव्हतं? पण माझी घोडी समोर उभी होती म्हणून माझ्या डोक्यात तो विचारच आला नव्हता.

धाकटी माझ्याकडं न बघता म्हणाली, "लई दिसांनी माज्या हाताला आलीया ती. तुमचा हात पुन्ना लागला तर घाटात तिचं मन दोन ठिकाणी हुईल. वर लेकरू हाय, आक्का."

मीच तिच्या जागी असते तर हेच बोलले असते, आणि इतकं गोड बोलले नसते. तिने घोडीच्या कुशीला कपाळ टेकलं, वाट पाहिली आणि तंग ओढला. पोरगी तयार झाली होती.

मी घोंगड्यावर जाऊन बसले. पाहुणा निघेपर्यंत बसलेला बरा, असंच आमच्याकडं मानतात. एकेक घोडी लादून रांगेला लागली. चुली विझल्या, कुत्री पुढं पळाली. मला रडू आलं ते मी धुराच्या नावावर घातलं.

शेवटी धाकटी परत आली आणि अवघडून उभी राहिली.

"आक्का, तेवढं घोंगडं लादायचं ऱ्हायलंय. उठता का?"

मी उठले. घोंगडं मोठं, एकटीने घडी बसणारं नव्हतं, म्हणून दुसरी बाजू मी धरली. झटकलं. टोकाला टोक जुळवायला ती माझ्यापाशी आली, तेव्हा माझ्या हातातली टोकं मला लवकर सोडवेनात.