हवा गेली तरी धावणारं टायर

कापडाला कात्री लावताना माझा हात कधी अडखळला नाही. हिंगोलीत मी शिवणक्लास चालवायचे. कितीही भारी साडीतून ब्लाऊज काढायचा असला तरी एकदा माप घेतलं की मी कापून मोकळी. पण दोन हजारनंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीची चारही टायरं गुळगुळीत झाली आणि माझं डोकं चालेनासं झालं.

त्या गाडीतून मला बाबांना न्यावं लागायचं. बाबा एसटीत कंडक्टर होते. ते रिटायर झाले, मग आई गेली, आणि त्यानंतर त्यांच्या किडन्या बसल्या. रक्त शुद्ध करायचं मशीन तेव्हा नांदेडला होतं, आमच्याकडे नव्हतं. मिस्टरांची नोकरी परगावी, भाऊ परदेशात, म्हणून चाळिशीला टेकल्यावर मी गाडी शिकले आणि बाबांना माझ्याकडे आणलं. आठवड्यातून दोन खेपा ठरलेल्या. मशीनची वेळही ठरलेली. ती हुकली की पुढचा नंबर कधी लागेल हे कुणी सांगायचं नाही.

एकदा ती हुकलीच. कळमनुरी ओलांडली आणि पंक्चर झालं. चाकाचे नट माझ्याने हलेनात. मदतीला माणूस मिळून नांदेडला पोचेपर्यंत आमचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. मग दोन दिवस बाबा भिंतीला टेकून बसून श्वास ओढत होते, कारण आडवं झालं की छातीत पाणी दाटायचं. ते पाहिल्यापासून मला रस्त्यातला प्रत्येक खिळा दिसायला लागला.

भावाने फोनवर उपाय सांगितला. म्हणे अशी टायरं निघालीत की सगळी हवा गेली तरी गाडी पळत राहते, त्यांच्या बाजूच इतक्या कडक असतात. मी हरखून गेले. हिंगोलीतल्या टायरवाल्याला विचारलं तर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि असलं काही असतं यावर विश्वास ठेवू नका म्हणाला. नांदेडच्या मोठ्या दुकानात चौकशी केली. तिथल्या शेटजींनी ऐकलं होतं. पण मागवावं लागेल, तुमच्या मापाचं मिळेल असं नाही, हवा गेल्याचं सांगणारा दिवा गाडीत लागतो, तो तुमच्या गाडीत नाही. म्हणजे हवा गेलेली तुम्हाला कळणारच नाही आणि तुम्ही तशाच पळवत राहाल. शिवाय ते फाटलं तर हिंगोली ते नांदेड त्याला हात लावणारा कुणी भेटायचा नाही. एवढं सगळं सांगून शेवटी म्हणाले, "वैसे चीज अच्छी है." मी घरी आले ती डोकं धरून.

मग मधला मार्ग निघाला, बिनट्यूबच्या टायरांचा. खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते, माणूस मुक्कामाला पोचतो, असं एक जण म्हणे. दुसरा म्हणे, आपल्या खड्ड्यांत रिंग वाकली की त्याची हवा एका दमात जाते, त्यापेक्षा ट्यूब बरी, तिला कुठल्याही फाट्यावर ठिगळ लागतं. दोघंही छातीठोकपणे सांगायचे. मी ज्याचं ऐकत असे, तो मला खरा वाटे. क्लासच्या बायकांना विचारलं तर त्यांनी रंगाची चौकशी केली. टायर काळंच असतं हे सांगतानाही मला हसू आलं नाही, इतकी मी वैतागले होते. काळजी एकच होती, बाबा वेळेवर मशीनला लागले पाहिजेत.

बाबांना मी विचारलंच नाही असं नाही. विचारलं, तर ते म्हणाले, "ट्यूबचंच बरं हाय." का, तर खिडकीबाहेर बघायला लागले. जुन्या माणसांना जुनंच आवडतं, असं मी मनाशी म्हटलं. शेवटी एका सकाळी धीर करून हिंगोलीच्या दुकानात बिनट्यूबची चार टायरं घेतली. ती बसवेपर्यंत बाबा तिथल्या बाकावर बसले आणि मी अस्तराचं कापड आणायला गेले. परत आले तेव्हा काम झालं होतं. किती दिवसांनी मी निवांत झोपले म्हणून सांगू.

पुढच्याच खेपेला, नांदेडहून येताना, कळमनुरीच्या अलीकडे गाडी एकदम डावीकडे ओढायला लागली. कशीबशी कडेला घेतली. उतरून पाहते तर पुढचं चाक पार बसलेलं. हळूहळू जाणारी हवा पाच मिनिटांतच गेली होती. मला काही सुचेना. दुकानदार खोटं बोलला, की मी चुकीचं ऐकलं, की टायरच नकली दिलं? सगळ्या जगाला दोन-चार शब्द सुनावावेत असं वाटत होतं, पण समोर नुसता रस्ता होता.

नशीब एवढंच की एका तांड्याच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान दिसत होतं. पंक्चरवाला जॅक घेऊन आला, चाक काढून दुकानात नेलं, आम्हीही मागोमाग गेलो. बाबांना मी तिथल्या बाजेवर टेकवलं. त्याने टायर उघडलं, हात आत घातला आणि एक लांबलचक ट्यूब बाहेर ओढली.

"ताई, ह्याच्यात ट्यूब काहून टाकली?" तो म्हणाला. "ट्यूब टाकली की हवा फटकन जाती. मंग ह्या टायरचा काय उपेग?"

कुणी टाकली, ते मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का? मी त्या ट्यूबकडे पाहत उभी राहिले. तेवढ्यात तांड्यावरची एक म्हातारी रस्ता ओलांडून आली. बाबांना निरखून पाहिलं आणि कंडक्टरमामा म्हणत तिथेच जमिनीवर बसली. मग तिची सून आली, शेजारचा कुणी आला. म्हातारी सांगत होती की बाजाराच्या दिवशी तिची कोंबड्यांची पाटी वर चढेपर्यंत मामा घंटी वाजवायचे नाहीत, ड्रायव्हर कितीही ओरडू द्या. बाबा तिला जुन्या ओळखीच्या माणसांची चौकशी करत होते. ती सांगे, ही मेली, तो पुण्याला गेला, त्याची पोरगी शिक्षिका झाली. मशीनवरून सुटल्यावर बाबा मान टाकून झोपत. त्या दिवशी ते ताठ बसले होते. चहाला ते नको म्हणाले, कारण त्यांचं पाणी मोजून असे, पण कप हातात धरून बसले आणि वास घेत राहिले.

माणसं पांगल्यावर त्यांनीच सांगितलं. मी अस्तर आणायला गेले तेव्हा त्यांनी टायरवाल्याला सांगितलं होतं की आत ट्यूबाही टाक. त्यालाही वाटलं, दुहेरी बंदोबस्त होतोय, बरंच आहे. बरेच जण तसं करून घेत होते म्हणे.

मला इतका राग आला की माझा आवाज चढला. "बाबा, हेच जाताना झालं असतं तर? मशीन हुकलं असतं. मागल्या बारीला काय झालतं, विसरले का तुमी?"

"विसरलो न्हाई."

"मंग?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तू पंक्चर झाल्याबिगर गाडी थांबवत न्हाईस, बाई. घर ते मशीन, मशीन ते घर. हा सारा रस्ता माझ्या वळखीचा हाय, अन् मी काचंतून बघून राहिलो. मेल्यावर बी माणूस असाच जात असंल." मग म्हणाले, "जाताना बिगर ट्यूबचं अन् येताना ट्यूबचं, असं टायर निघालं न्हाई का अजून? तुझ्या भावाला विचार की."

ते हे अगदी मनापासून विचारत होते. मला हसावं की रडावं कळेना. राग कुठे गेला तेही कळलं नाही. इतके दिवस मी बाबांच्या श्वासाची काळजी वाहत होते, आणि हे गृहस्थ एका थांब्यासाठी तो श्वास पणाला लावून बसले होते. बरोबर कोण, चूक कोण, माझ्याने ठरवता येईना. आजही येत नाही.

पंक्चरवाला ट्यूब हातात घेऊन उभा होता. ठिगळ लावून परत आत टाकू, की काढून ठेवू? चारही चाकांच्या काढून देतो, वेळ लागेल, असं म्हणाला. बाबा रस्त्याकडे बघत बसले. माझ्याकडे पाहायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं.

"काढा," मी म्हणाले. "चारीच्या चारी काढा."

बाबा हळूच उठायला लागले, तोल जाऊ नये म्हणून बाजेची कड धरली. मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "येताना हितं थांबत जाऊ. पंक्चर नसलं तरी."

"दर खेपंला?"

"दर खेपंला."

ते पुन्हा बाजेवर बसले. एरवी नांदेडला निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवता उठवता माझा घसा बसायचा. त्यांनी रस्त्यापलीकडे त्या म्हातारीच्या घराकडे पाहिलं, मनाशी कसलासा हिशेब केला आणि म्हणाले, "मंग पुढल्या खेपंला जरा लवकर, येरवाळीच निघू."