धरणाच्या सवयीनं समुद्रावर

बायको जाऊन वर्ष झालं तेव्हा लेक म्हणाली, "अण्णा, चला समुद्रावर. दोन दिवस राहू, मासे खाऊ." जावई सुप्याला कंपनीत कामाला. त्याला सुट्टी मिळाली आणि आम्ही घाट उतरलो.

मी मुळा धरणाच्या काठचा माणूस. गळ टाकून बसणं एवढं एकच सुख मला कळतं. बायको शेजारी असायची. ती गेल्यापासनं गळ हातात धरला नव्हता. इथं धरला. खडकांवरून आत गेलो, सपाट दगड बघितला, चपला मागं वाळूत ठेवल्या आणि गळाला कणकेची गोळी लावली.

काठावर जाळं सांधत बसलेला कोळी हसला. "आजोबा, माशांना चपात्या चारताय काय? कोळंबी लावा. आणि लवकर उठा तिथनं."

मला वाटलं, ही त्याची जागा असंल. उठलो नाही.

धरणाचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं. सकाळी जिथं, संध्याकाळी तिथंच. म्हणून मी मागं बघितलंच नाही. ऊन कललं, वारा पडला, आणि पाणी गुपचूप दगडाला लागलं. पाऊस नाही, पूर नाही, तरी पाणी चढतंय. पाय भिजले. वळून बघतो तर मागंही पाणीच. चपला गेलेल्या.

खरं सांगतो, भ्यालो नाही. वाटलं, बायको न्यायला आली. बरंच झालं. हललो नाही.

तेवढ्यात कानाशी आवाज. अगदी तिचाच. "बसा की अजून. काय घाई हाय?"

तेव्हा मात्र अंगावर काटा आला. उभ्या जन्मात ती मला बसा म्हणाली नव्हती. दिवस कलला की गळाची दोरी स्वतः गुंडाळायची आणि म्हणायची, "उठा आता. मासं काय तुमच्यासाठी जागं राहत्यात व्हय?"

मग हे कोण बोललं?

गळ टाकून दिला आणि काठाकडं जायला पाण्यात उतरलो. छातीपर्यंत लागलं. कोळ्यानं येऊन दंडाला धरून ओढलं. "घाटावरनं बुडायला आलात काय?" काठावर लेक रडत होती.

संध्याकाळी खानावळीत सुरमई मागवली. ताजी होती, तिखट कमी. आधी समुद्राकडं पाठ करून बसलो. दोन घास गेले, मग राहवंना. उठून तिकडं तोंड करून बसलो.

"काय झालं, अण्णा?"

"काही नाही. जेव तू."