भूकंप समजून मी उठलो

आबा, कोयनानगरच्या स्टँडवर तुम्ही माझी बॅग एस.टी.च्या टपावर चढवलीत, खाली उतरलात, हात झटकलेत आणि एवढंच म्हणालात, "पोचल्यावर पत्र टाक. आई वाट बघती." तुम्ही वाट बघाल असं म्हणाला नाहीत. पाटणपर्यंतच्या वळणांवर मला उलटी झाली. गाडी लागली असं शेजारच्याला सांगितलं, पण खरं तर ते एकदाचं सुटल्याचं होतं. हे पत्र तुमच्यासाठी आहे आणि त्यात गोड काही नाही.

टोकियोत येऊन तीन वर्षं झाली. शिफ्ट, ओव्हरटाइम, डॉर्मिटरीतली आठ फुटांची खोली. इथल्या चिकट भाताला पहिल्या वर्षी नावं ठेवायचो, आता तोच बरा लागतो. शेजारच्या खोलीतला मोरी-सान कारखान्यात माझ्याच लाइनवर काम करतो. सुट्टीच्या दिवशी तो टीव्हीला मशीन जोडून व्हिडिओ गेम खेळतो. तलवार घेतलेला पोरगा, राजवाडा, डोंगरात झोपलेला राक्षस, आणि मागे सतत टीं टीं वाजणारं संगीत. मलाही नाद लागला. गेल्या महिन्यात तो म्हणाला, ह्याच गेमच्या संगीताचा मोठा ऑर्केस्ट्रा आहे, चल. मला हसूच आलं, पण गेलो.

दुपारचा कार्यक्रम होता. आईबापांनी पोरांना इस्त्रीचे कपडे घालून आणलं होतं. स्टेजवर सत्तर-ऐंशी माणसं काळ्या कोटात. खोट्या राजाच्या खोट्या किल्ल्यासाठी ही माणसं जीव तोडून वाजवत होती आणि हजारभर लोक खोकला दाबून ऐकत होते. माझं डोकंच फिरलं. आजोबा जत्रेत हलगी वाजवायचे, ते मी पाहिलं नाही, आईनं सांगितलं. देवळाच्या पायरीखाली उभं राहायचं, पालखी आत गेली की शिळ्या भाकरी धोतराच्या सोग्यात बांधून घरी यायचं. त्यांच्यासाठी कुणी कधी खोकला दाबला होता?

एवढ्यात खुर्ची हलली. पायांखालून घरघर आली आणि वाढतच गेली. "भांडी वाजली की इचार करायचा न्हाई, भाईर पळायचं," हे तुम्ही आम्हाला जेवता जेवता शिकवलंत. मी विचार केला नाही. चार माणसांच्या पायांवर पाय देत दाराबाहेर पडलो.

बाहेर सगळं जागच्या जागी होतं. कुंडीतल्या झाडाचं पानही हलत नव्हतं. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलीनं मला पाणी दिलं, कमरेत वाकली, पण दार काही उघडलं नाही. वाजवणं चालू असताना आत सोडत नाहीत. मग बंद दाराला कान लावला तेव्हा उमगलं. गेममधला राक्षस जागा होतो तो भाग चालू होता आणि कुणीतरी मोठ्या नगाऱ्यांवर काठ्या घुमवत होतं.

आबा, माझ्या आज्याची हलगी तीन गावं ओळखायची, आणि मला नगारा ओळखू आला नाही. त्या मुलीसमोर मला रडू फुटलं. तिला वाटलं मी घाबरलोय.

पाचवीत होतो तेव्हा मी क्वार्टरच्या मागं डालड्याचा रिकामा डबा बडवत बसलो होतो. तुम्ही शिफ्टवरून आलात आणि डबा बुटाखाली चपटा केलात. "आमी ह्ये सोडलंय. ह्या घरात पुन्यांदा हा आवाज नको." मारलं असतंत तर परवडलं असतं. धर्मांतरानंतर तुम्ही जत्रेत वाजवायला नकार दिलात, गावानं आपल्याला पिठाची गिरणी बंद केली, आणि तुम्ही आईला घेऊन कोयनेच्या प्रकल्पावर आलात. तुम्ही बरोबर होतात. ते मला पाठ आहे, त्यामुळं तुमच्याशी धड भांडताही येत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो. त्या गावाचं तर मी तोंडही बघणार नाही. पण हलगी गावाची होती का? पायरी गावाची, शिळ्या भाकरी गावाच्या. हलगी आजोबांची होती. गावाचं गावाच्या तोंडावर फेकताना तुम्ही आपलंही फेकून दिलंत.

त्यांनी नंतर मला आत घेतलं. नगारेवाला सगळ्यांत मागं उभा होता, पांढऱ्या केसांचा, तुमच्याच वयाचा. शेवटी त्याला एकट्याला पुढं बोलावलं, तो वाकला आणि सगळं थिएटर उभं राहिलं. मी टाळी वाजवली नाही. हात उचललेच नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी इथल्या एका ढोलाच्या वर्गाला जातो. शिकवणारी बाई खडूस आहे. तळहाताला फोड आलेत, आणि माझा हात बरा पडतो असं ती एकदाच म्हणाली.

एप्रिलमध्ये जयंतीला येतोय. मिरवणुकीत तुम्ही निळा झेंडा घेऊन पुढं चालता आणि वाजवणारे कऱ्हाडहून बोलावता. ह्या वर्षी हलगी माझ्या गळ्यात असेल. कुणाच्या पायरीखाली नाही, आपल्या कॉलनीच्या रस्त्यावर, मधोमध. तुम्ही रागावाल, रागवा. तुम्ही अडवलंत तरी मी थांबणार नाही. घर म्हणजे कोयनानगर की टोकियो, असं इथं लोक मला विचारतात, आणि मी काहीतरी थाप मारतो. खरं उत्तर त्या रस्त्यावर मिळेल. तुम्ही झेंडा घेऊन तसेच पुढं निघून गेलात, तर तसं. पण एकदा मागं वळून माझ्या हातांकडं बघितलंत, तर मी घरी आलो.