आमसुलांसाठी कॅमेरा

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या मालन भाटकर भित्र्या होत्या, आणि हे त्या स्वतःच कबूल करायच्या. नवरा आत्माराम तीस वर्षं बोटीवर. त्या काळात फोन वाजला की मालनकाकी आधी भिंतीला हात टेकायच्या, मग उचलायच्या. पुढे आत्माराम पाठीचं दुखणं घेऊन कायमचा घरी आला, पण भीती काही गेली नाही. तिने नुसती जागा बदलली. आता ती आमसुलांच्या पाकिटांत येऊन बसली होती.

कारण घर चालत होतं ते आमसुलांवर. पुण्यात निशिगंधा नावाची मुलगी फोनवरून ऑर्डरी घेणारं दुकान चालवायची आणि काकींचा सगळा माल तिच्याकडेच जायचा. फोटो काकी मोबाइलवर काढून पाठवायच्या. मोबाइल महा लाघवी. काळपट आमसूल त्याच्यात कुंकवासारखं लालभडक दिसायचं. गिऱ्हाइकं पाकीट उघडून बघायची आणि परत पाठवायची. फोटोत लाल, हातात काळं, याला काय म्हणावं? शेवटी निशिगंधाने सांगितलं, की या नव्या खेपेचा फोटो मालासारखा आला नाही, तर तुमचं नाव काढावं लागेल. तिने हे आवाज न चढवता सांगितलं, म्हणून काकी जास्तच घाबरल्या. तिने भांडण केलं असतं तर निदान रात्री झोप तरी लागली असती.

नव्या खेपेची चाळीस पाकिटं आदल्या दिवशीच पार्सलने पुण्याला गेली होती. त्याच खेपेतलं एक पाकीट पिशवीत टाकून काकी रत्नागिरीत माळनाक्याजवळच्या स्वरूपच्या दुकानात आल्या. स्वरूप लग्नांचे फोटो काढायचा आणि नवेजुने कॅमेरे विकायचा. त्याने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक नवाकोरा, हलका, बटण दाबलं की झालं. दुसरा वापरलेला, जड, आणि त्याला अगदी जवळचं बघणारी लेन्स. दागिन्यांचे फोटो काढणारे हीच वापरतात, असं तो म्हणाला. नव्याचं त्याने बरंच कौतुक केलं. काकी मान हलवत राहिल्या आणि मनातून गळाठत गेल्या. चुकीचा घेतला तर? आणि बरोबर घेऊन आपल्याला चालवताच आला नाही तर?

पण ही बाई बाजारात माशाचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय पैसे काढत नसे. त्यांनी पिशवीतलं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि आधी याचा फोटो काढून दाखव म्हणून सांगितलं.

स्वरूपने पांढऱ्या कागदावर चार आमसुलं मांडली. नव्या कॅमेऱ्याने ती गोजिरी दिसली, ओलसर, लालसर. काकींच्या जिवात जीव आला. मग त्याने जुना कॅमेरा स्टँडवर चढवला, खिडकीचा पडदा सरकवला, कागदाचा पांढरा रंग धरून काहीतरी जुळवलं आणि फोटो काढून कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा केला.

रंग तंतोतंत होता. काळपट, कडेला जांभळी झाक. अंगणात वाळत घातल्यावर दिसतो तोच.

"हे पांढरं काय आहे, काकी?" स्वरूपने विचारलं.

"मीठ हाय ते," काकी म्हणाल्या. आमसुलावर मीठ फुलतं, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. त्यांनीही पाकिटं भरताना ती पांढरी झाक बघितली होती आणि मीठ म्हणून सोडून दिली होती.

स्वरूपने फोटो आणखी मोठा केला. मिठाचे खडे असतात. इथे केस होते. बारीक, पांढरे, उभे केस, आणि एका टोकाला हिरवट ठिपका.

काकींना वाळवण आठवलं. मे महिन्यात आठवडाभर आभाळ धरलं होतं. आमसुलाला रसाची सात पुटं द्यायची आणि दर पुटाला कडक ऊन दाखवायचं, ही त्यांच्या सासूची रीत. या खेपेला त्यांनी पाचच दिली होती आणि शेवटची दोन उन्हं पंख्याखाली उरकली होती. का, तर ऑर्डर चुकेल याची भीती. चाळीस पाकिटं. कुणी पोराला सोलकढी पाजेल, कुणी बाळंतिणीला देईल.

स्वरूप भला मुलगा. त्याने फोटो पुसून टाकला आणि हळूच म्हणाला, "काकी, नवाच न्या. त्यात हे दिसत नाही."

दुकानात दोघंच होते. खरंच दिसत नव्हतं. नवा कॅमेरा नेला तर गोजिरा फोटो जाईल, पाकिटं विकली जातील, आणि कुणी आजारी पडलं तरी कशाने ते कळणार नाही. आणि पुण्याला सांगितलं तर आजच्या आज नाव जाईल, पाठ धरून बसलेल्या नवऱ्याला उद्यापासून घर कशावर चालवायचं हे सांगावं लागेल. काकींना दोन्हीकडची भीती वाटत होती, आणि कुठली मोठी ते ठरेना. एवढंच कळत होतं, की नवा घेतला तर यापुढे पुण्याहून आलेला प्रत्येक फोन भिंतीला हात टेकून उचलावा लागेल.

"जुना बांध," त्या म्हणाल्या. "आणि तो फोटो परत काढ. मोठा कर. माझ्या मोबाइलवर पाठव."

फोटो आला तसा त्यांनी तो निशिगंधाला पाठवला आणि लगेच फोन लावला. बोलताना शब्द अडखळत होते. मालाला बुरशी आहे, एकही पाकीट विकू नको, चूक माझी आहे, वाळवण कमी पडलं, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे निशिगंधाने फोटो उघडून बघितला.

"पाकिटं आत्ताच आलीत. बाजूला काढते," निशिगंधा म्हणाली. मग विचारलं, "काकू, मागच्या खेपेचा माल कसा होता?"

तो चांगला होता, हे शब्द काकींच्या ओठांवर आले होते. उन्हं कडक होती, पुटं सात होती. पण पाकिटं भरताना पांढरं तेव्हाही दिसलं होतं.

"माहीत नाही, बाय," काकी म्हणाल्या. "मी मीठ समजून कधी बघितलंच नाही."