दातवण सोडा, असे मीच सांगितले होते

मित्रहो, दुपारी घरी परतलो, पण मन अजून स्थिर नाही.

म्यानमारहून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या वस्तीत आम्ही काही स्वयंसेवक दातांच्या निगेची माहिती देतो. महिन्यापूर्वी मी तिथे ठामपणे सांगितले होते, "दातवण सोडा, सकाळ-संध्याकाळ पेस्टने दात घासा." पत्रकही मीच लिहिले.

आज तिथल्या तपासणीला वस्तीतल्या फातिमाबी आल्या त्या सुजलेली हिरडी घेऊन. आमच्या दंतवैद्य मूळच्या बेळगावच्या. त्यांनी हिंदीत विचारपूस केली. फातिमाबी म्हणाल्या, "पूर्वी प्रत्येक नमाजाआधी दातवण करायचे. या भाईंनी बंद करायला सांगितलं. आता रोजे चालू आहेत, दिवसा पेस्ट पोटात गेली तर? म्हणून रात्री एकदाच घासते."

डॉक्टर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अण्णा, पाच वेळचं एकावर आणलंत की! दातवण तर रोज्यातही चालतं. काडीचं टोक मऊ करून हलक्या हाताने फिरवा, एवढंच सांगायचं होतं."

मी मान खाली घातली. फातिमाबींना भाषा कळली नाही, माझा चेहरा कळला असावा. "यांना रागावू नका, भल्यासाठीच सांगितलं यांनी," त्या म्हणाल्या.

तुम्ही दात कशाने आणि केव्हा घासता, हे मी त्यांना एकदाही विचारले नव्हते. शिकवण्याआधी विचारण्याची सवय आपल्यापैकी कितीजणांना आहे?

उद्या दारोदार जाऊन माझी चूक सांगणार आहे. पत्रक घराघरांत भिंतीवर चिकटवलेले आहे, आणि तिथले लोक माझे ऐकतात.